पंखांची पावती : डेट्रॉइटच्या गाड्यांना पंख का फुटले आणि का झडले

१९५९ सालची कॅडिलॅक समोरून पाहण्याआधी मागून पाहावी. मागच्या दोन्ही मडगार्डांचा पत्रा दरवाजाच्या मागे हळूहळू उचलला जातो, डिकीच्या दोन्ही अंगांनी वर चढत जातो आणि शेवटी माशाच्या परासारखा टोकदार होऊन हवेत थांबतो. प्रत्येक परावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या दोन लाल दिव्यांची जोडी बसवलेली आहे. खाली बंपरच्या दोन्ही टोकांना जेट विमानाच्या धुराड्यासारखे गोल खोपे आहेत, आणि या दोन खोप्यांमध्ये, जिथून हवा आत घेण्याचे काही कारणच नाही अशा ठिकाणी, पुढच्यासारखीच क्रोमच्या ठिपक्यांची जाळी आहे. गाडी ५.७ मीटर लांब आहे, म्हणजे मुंबईची जुनी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तिच्याशेजारी उभी केली तर जवळजवळ पावणेदोन मीटरने कमी भरेल. या पंखांमुळे गाडी जोरात पळत नाही, पेट्रोल वाचत नाही आणि बसायला जागाही वाढत नाही.

मग कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने, म्हणजे तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने, साचे, पत्रा, मजुरी आणि शेकडो कुशल माणसांची वर्षे या आकारावर का खर्च केली? ‘अमेरिकी माणसाची हौस’ हे उत्तर बहुतेक वेळा दिले जाते. मला ते अपुरे वाटते. हौस तर सगळ्या जगाला असते, पण ती नेमकी १९४८ मध्ये एका ठरावीक गाडीच्या मागच्या टोकाला उगवावी, अकरा वर्षे वाढत जावी आणि पुढच्या सहा वर्षांत पूर्णपणे नाहीशी व्हावी, याला कारण लागते. हे कारण एकदा लक्षात आले की त्या काळातल्या अमेरिकी गाड्यांचे जवळजवळ सगळे रूप उलगडू लागते, म्हणून या लेखात मी बाकीच्या गोष्टी मागे ठेवून या पंखांचाच माग काढणार आहे.

सुरुवात पंख नसलेल्या गाडीपासून करावी लागते. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, उत्पादनाचा खर्च उतरत गेला आणि सुरुवातीला ८५० डॉलरला मिळणारी गाडी १९२०च्या दशकात तीनशे डॉलरच्याही खाली आली. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात मिळे, कारण एकच रंग ठेवल्याने काम सोपे आणि स्वस्त होई. शेतकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना मोटार देणारी ही गाडी मोठीच कामगिरी होती, पण तिच्या यशातच एक पेच दडलेला होता. ज्याला गाडी हवी होती त्याला ती मिळाली, ती लवकर मोडत नव्हती, आणि नवी गाडी जुनीसारखीच दिसत होती. अशा माणसाने दुसरी गाडी कशासाठी घ्यावी?

१९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्यांनी आपल्या कंपनीच्या गाड्यांची एक शिडी लावली. सर्वांत खाली शेव्हरोले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि सर्वांत वर कॅडिलॅक. पगार वाढला, बढती मिळाली, की माणसाने एक पायरी चढावी; जुनी गाडी विक्रेत्याला देऊन उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडावी; आणि हप्ते संपेपर्यंत बाजारात नवे रूप आलेले असावे. ही शिडी चालण्यासाठी एक अट होती. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे शेजाऱ्याला रस्त्यावरूनच दिसले पाहिजे. इंजिनातली सुधारणा बॉनेटखाली झाकलेली राहते. पत्रा, रंग आणि क्रोम मात्र सगळ्यांना दिसतात. त्याच सुमारास ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको नावाचा रंग आला. आधीचे रंग वाळायला आठवडे लागत, हा काही तासांत वाळे, त्यामुळे रंगीत गाड्या भराभर बनवणे शक्य झाले. १९२४च्या ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत प्रथम लावला गेला आणि काळ्या गाड्यांचा काळ ओसरू लागला.

रूप हेच विकायचे ठरल्यावर ते घडवणारा माणूस लागतो. तोपर्यंत साधी गाडी इंजिनिअर आखत आणि श्रीमंतांची गाडी बॉडी बांधणारे कारागीर सजवत. श्रीमंत ग्राहक कंपनीकडून फक्त इंजिन आणि चेसिस घेई आणि बॉडी वेगळ्या कारागिराकडून बांधून घेई. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३०च्या दशकातली ड्यूसेनबर्ग अशीच घडली होती. तिची चेसिस अमेरिकेतली, तर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यातली होती. हार्ले अर्ल हे याच परंपरेतले होते. हॉलिवूडमध्ये त्यांच्या वडिलांचा गाड्यांच्या बॉड्या बांधण्याचा कारखाना होता आणि तिथे चित्रपटसृष्टीतल्या धनिकांसाठी गाड्या बनत. जनरल मोटर्सने त्यांना अमेरिकी मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइट शहरात बोलावले आणि त्यांनी आखलेली लासाल ही गाडी १९२७ मध्ये इतकी गाजली की त्याच वर्षी कंपनीने त्यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ हा स्वतंत्र विभाग उघडला. श्रीमंताच्या एकेका गाडीसाठी कारागीर जे करत असे, ते आता लाखो गाड्यांसाठी करायचे होते.

अर्ल यांच्या विभागात गाडी आधी मातीत घडे. ही कुंभाराची माती नव्हे. मेण, तेल आणि गंधक यांची ही घट्ट तपकिरी माती असते, ती गरम केली की लोण्यासारखी मऊ होते आणि गार झाली की चाकूने तासता येते. लाकडाच्या सांगाड्यावर तिचे थर चढवायचे, मग दातेरी पट्टीने ती ओरबाडत आकार काढायचा आणि शेवटी पोलादाच्या पातळ पात्याने पृष्ठभाग घोटायचा. प्रत्यक्ष गाडीएवढी प्रतिकृती तयार झाली की तिच्यावर रंगाचा पातळ पापुद्रा चिकटवत, क्रोमच्या जागी चकचकीत कागद लावत, आणि मग ती उजेडात फिरवून पत्र्यावरून प्रकाश कसा वाहतो ते पाहत. कागदावर सरळ वाटणारी रेषा प्रत्यक्षात खचलेली दिसते आणि किंचित फुगवलेली रेषा सरळ दिसते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. मातीचा मोठा फायदा म्हणजे तिला लाकूड किंवा पत्रा ठोकण्याची मर्यादा नव्हती. मडगार्ड बॉनेटमध्ये वितळल्यासारखे मिसळणे, छताची कड मागे घसरत जाणे, असे सलग वळणदार आकार मातीने सुचवले आणि मग ते कारखान्यात उतरवण्याची जबाबदारी पत्र्याच्या प्रेसवर पडली.

प्रेसचीही प्रगती होत होती. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक बंद गाड्यांच्या छताचा मधला भाग कापडाचा असे, कारण छताएवढा रुंद पत्रा आणि तो एका दाबात वळवणारा प्रेस या दोन्ही गोष्टी सहज उपलब्ध नव्हत्या. रुंद पत्रा लाटणाऱ्या नव्या गिरण्या आल्या आणि १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत दिले. खोल दाबता येणारा चांगला पत्रा हातात आल्यावर गोलाई स्वस्त झाली. त्या काळातल्या अमेरिकी गाड्या इतक्या गुबगुबीत का दिसतात, याचे निम्मे उत्तर या पत्र्यात आहे.

इथे एक अपयश नोंदवणे आवश्यक आहे, कारण पंखांचे यश त्याच्याशेजारी ठेवूनच समजते. १९३४ मध्ये क्रायस्लर या प्रतिस्पर्धी कंपनीने एअरफ्लो ही गाडी आणली. कार्ल ब्रीअर आणि त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून तिचा आकार ठरवला होता, इंजिन पुढे सरकवून प्रवाशांची बैठक दोन्ही आसांच्या मध्ये आणली होती, आणि गाडी खरोखरच आरामदायी व मजबूत होती. ग्राहकांनी मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. तिचे गोलसर, धबधब्यासारखे खाली ओघळणारे तोंड लोकांना चमत्कारिक वाटले आणि त्या काळातल्या गाडीचा जो ऐटदार उंच नाकाचा चेहरा सगळ्यांच्या डोळ्यांत बसला होता, तो तिच्यात सापडेना. हवेच्या शास्त्राप्रमाणे बरोबर असलेला आकार विकला गेला नाही, हा धडा डेट्रॉइट विसरले नाही. माणसाला एकदम नवे नको असते. ओळखीच्या वस्तूत थोडेसे, पण स्पष्ट दिसणारे नावीन्य हवे असते.

हे थोडेसे नावीन्य दरवर्षी द्यायचे म्हणजे हिशेब आला. बॉडीचा प्रत्येक भाग पोलादी साच्यांत दाबून निघतो. हे साचे कापायला फार खर्च येतो आणि तो लाखो गाड्यांवर विभागला गेला तरच परवडतो. म्हणून छत, काचेच्या चौकटी, दरवाजांची आतली बाजू असे खर्चिक भाग तीन वर्षे ठेवायचे, इतकेच नव्हे तर एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांतही ते वाटून घ्यायचे, अशी पद्धत रुळली. दरवर्षी बदलायचे ते ग्रिल, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, बंपर आणि मागच्या मडगार्डचा बाहेरचा पत्रा. दरवाजाला बिजागरी, काच, कुलूप आणि रबराची पट्टी यांची बंधने असतात. मागच्या मडगार्डचे टोक मात्र जवळजवळ मोकळे असते, तिथे दिव्याखेरीज फारसे काही बसवायचे नसते. मोकळ्या जागी कल्पना वाढतात. पंख गाडीच्या मागच्याच टोकाला का उगवले, याचे कोरडे पण खरे कारण हे आहे.

या आकाराचे बीज एका लढाऊ विमानातून आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरण्याच्या थोडे आधी, १९४१च्या सुमारास, अर्ल आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज विमानतळावर लॉकहीडचे पी-३८ हे नवे विमान दुरून पाहायला मिळाले. या विमानाला एक धड नसून दोन लांब दांडे होते आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला उभा, गोलाकार पर होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी गाड्यांचे उत्पादन थांबले, कारखाने युद्धसामग्री बनवू लागले, पण ते दोन पर आरेखकांच्या डोक्यातून गेले नाहीत. युद्ध संपल्यावर आलेल्या पहिल्या गाड्या १९४२च्याच होत्या, फक्त ग्रिल बदललेल्या. पहिली खरी नवी कॅडिलॅक १९४८ मध्ये आली आणि तिच्या मागच्या मडगार्डांवर, फ्रँक हर्शी यांच्या आरेखनातून साकारलेले, दोन लहान उंचवटे होते.

माझ्या मते पंखांच्या सगळ्या इतिहासात हे पहिले पंखच सर्वांत देखणे आहेत. ते जेमतेम वीतभर आहेत, गोलसर आहेत, आणि मडगार्डच्या फुगीर पाठीतून असे निघतात की पत्रा तिथे आपोआप चिमटीत आला असावा. त्यांच्या पोटात टेललाइट आहे. डाव्या दिव्यापाशी कळ दाबली की तो दिवा बिजागरीवर वर उचलला जातो आणि त्याखाली पेट्रोलच्या टाकीचे झाकण दिसते. पंपावर नव्याने कामाला लागलेल्या पोराला या गाडीचे झाकण शोधायला नक्कीच वेळ लागत असणार. टाकीचे तोंड दिव्याखाली लपवण्याची ही युक्ती कॅडिलॅकने १९४१ मध्येच आणली होती, पण पंखाशी तिची गाठ पडल्यावर तिला शोभा आली. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, या गाडीत १६० अश्वशक्तीचे नवे व्ही-८ इंजिन आले आणि दिसण्याला पळण्याचीही जोड मिळाली.

सुरुवातीला हे पंख सगळ्यांनाच आवडले असे नाही. ते का टिकले, हे अर्ल यांनी १९५४ मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे होते की कॅडिलॅकच्या मालकांच्या लक्षात आले, या पंखांच्या रूपाने आपल्याला आपल्या पैशाची एक जादा पावती मिळते आहे. महाग गाडी घेतल्याची डोळ्यांना दिसणारी खूण. हा ‘पावती’ शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. अर्ल यांनी वेगाचे, विमानाचे किंवा सौंदर्याचे कारण पुढे केले नाही. त्यांनी सरळ सांगितले की ही खूण माणसाने किती पैसे मोजले ते जाहीर करते. स्लोन यांच्या शिडीवरच्या सर्वांत वरच्या पायरीला आता एक झेंडा मिळाला होता आणि तो मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला सतत दिसत होता.

पण पावतीला किंमत असते ती फक्त पैसे मोजणाऱ्यालाच ती मिळते तोवर. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

१९५०च्या दशकात अमेरिकेत पगार वाढले, शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, १९५६च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांचे जाळे मंजूर झाले, आणि आकाशात जेट विमाने दिसू लागली. खालच्या पायऱ्यांवरच्या ग्राहकालाही वरच्या पायरीची खूण हवीशी वाटू लागली. कॅडिलॅकचे पंख कंपनीच्या इतर नावांमध्ये झिरपत गेले आणि १९५७ मध्ये सर्वांत खालच्या पायरीवरच्या शेव्हरोलेपर्यंत पोहोचले. १९५७ची बेल एअर आज जुन्या अमेरिकी गाड्यांचे जणू बोधचिन्ह झाली आहे, पण तिची बॉडी मुळात १९५५ची. त्याच छताखाली, त्याच दरवाजांमागे, तिसऱ्या वर्षी नवे पंख चढवले गेले. तिच्या डाव्या पंखाच्या मागच्या कडेला क्रोमची जी उभी पट्टी आहे, तिचा एक तुकडा झाकणासारखा उघडतो आणि आत पेट्रोलच्या टाकीचे तोंड आहे. नऊ वर्षांपूर्वी कॅडिलॅकच्या मालकाला मिळालेली गंमत आता शेव्हरोलेवाल्यालाही मिळाली होती.

खरा धक्का मात्र बाहेरून आला. क्रायस्लरने व्हर्जिल एक्स्नर यांच्या हाती आरेखनाची सूत्रे दिली होती. एअरफ्लोच्या अपयशानंतर या कंपनीच्या गाड्या बरीच वर्षे भरीव पण नीरस दिसत. एक्स्नर यांनी १९५५ मध्ये त्यांना तरतरी आणली आणि १९५७ मध्ये तर सगळा बाजार उलथवला. त्यांच्या गाड्या आधीच्यापेक्षा काही इंचांनी बुटक्या होत्या, छत पातळ होते, काचा मोठ्या होत्या, आणि बाजूची रेषा पुढच्या दिव्यापासून निघून एका दमात मागे चढत पंखाच्या टोकाला पोहोचत होती. इथे एक फरक नीट पाहावा लागतो. कॅडिलॅकचा पंख मडगार्डवर बसवलेला होता. एक्स्नर यांच्या गाडीत सगळी गाडीच पंखाकडे धावत होती. संपूर्ण बाजू पाचरीसारखी झाली होती, त्यामुळे उभी गाडीही पुढे झेपावल्यासारखी वाटे. या पंखांमुळे वेगात आडव्या वाऱ्यापुढे गाडी स्थिर राहते असा कंपनीचा दावा होता. विमानाच्या उभ्या शेपटीचे तत्त्व तेच आहे, पण रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगात त्याचा उपयोग नगण्य होता. प्लिमथ या क्रायस्लरच्याच स्वस्त गाडीच्या जाहिरातीत ‘एकदम १९६० उजाडले’ अशा अर्थाची घोषणा होती आणि लोकांना ती पटली. घाईत बाजारात आणलेल्या या गाड्यांचा पत्रा लवकर गंजला, पाणी आत शिरू लागले आणि कंपनीच्या नावाला त्याचा बराच काळ फटका बसला, पण १९५७ मध्ये प्लिमथ विक्रीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली.

पावतीच्या दृष्टीने पाहिले तर अघटित घडले होते. कॅडिलॅकच्या निम्म्याहून कमी किमतीच्या प्लिमथला कॅडिलॅकपेक्षा उंच आणि डौलदार पंख होते. शिडीच्या तळाशी उभा असलेला माणूस वरच्या माणसापेक्षा मोठा झेंडा घेऊन फिरत होता.

जनरल मोटर्सला हे कसे कळले, त्याची हकिकत या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. १९५६च्या उन्हाळ्याच्या अखेरीस चक जॉर्डन हे तरुण आरेखक जेवणाच्या सुट्टीत गाडी घेऊन बाहेर पडले असताना क्रायस्लरच्या एका आवाराजवळ पोहोचले. कुंपणापलीकडच्या गवतात १९५७च्या कोऱ्या प्लिमथ रांगेने उभ्या होत्या, आणि त्यांच्या पंखांची टोके दुरूनच दिसत होती. जॉर्डन परत आले आणि त्यांनी अर्ल यांचे सहकारी बिल मिचेल यांना सांगितले. एकेक जण जाऊन कुंपणातून त्या गाड्या पाहून आला. जनरल मोटर्समध्ये त्या वेळी १९५९च्या गाड्यांच्या ज्या मातीच्या प्रतिकृती तयार होत्या, त्या जाड, गोल आणि क्रोमने लडबडलेल्या होत्या. अर्ल तेव्हा युरोपात होते. त्यांच्या माघारी मिचेल आणि तरुण मंडळींनी तो सगळा आराखडा बाजूला ठेवून नव्याने काम सुरू केले, आणि परतल्यावर अर्ल यांनीही ते मान्य केले. तीस वर्षे ज्या माणसाचा शब्द अखेरचा होता, त्याच्या विभागाने त्याच्या गैरहजेरीत दिशा बदलावी आणि त्याने ती स्वीकारावी, ही मला या कथेतली सर्वांत बोलकी घटना वाटते.

१९५८च्या गाड्यांचे साचे तयार झालेले असल्यामुळे त्या जुन्याच आराखड्याप्रमाणे आल्या. त्या वर्षीच्या ब्यूकच्या ग्रिलमध्ये क्रोमचे १६० चौकोनी तुकडे होते. १९५९ मध्ये मात्र खर्च वाचवण्यासाठी जनरल मोटर्सच्या पाचही नावांनी बॉडीचा एकच मूळ सांगाडा वाटून घेतला, आणि वेगळेपण दाखवायला मुख्यतः बाहेरचा पत्रा उरला. म्हणून त्या वर्षी प्रत्येकाचा पंख निराळा झाला. शेव्हरोलेचे पंख वटवाघळासारखे आडवे पसरले आणि त्यांच्याखाली मांजरीच्या डोळ्यांसारखे दिवे आले. ब्यूकचे पंख तिरके उडाले. आणि कॅडिलॅकला, शिडीचा मान राखायचा म्हणून, सर्वांत उंच पंख मिळाले. लेखाच्या सुरुवातीला जी गाडी पाहिली ती अशी जन्मली. तिच्यात ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि ती उत्तम प्रकारे बांधलेली होती. तिच्या मागच्या टोकात जो अतिरेक दिसतो, त्याच्यामागे पुढे गेलेल्या प्लिमथला मागे टाकण्याची निकड होती.

त्याहून वर जायला जागा नव्हती. शिवाय १९५८ मध्ये अमेरिकेत मंदी आली होती आणि मोठ्या, महाग गाड्यांची विक्री घसरली. फोर्डने मोठ्या गाजावाजाने काढलेली एडसेल त्याच वर्षीच्या बाजारात उतरली आणि तीन मॉडेल-वर्षांत गुंडाळावी लागली. उलट अमेरिकन मोटर्सची लहान, साधी रॅम्बलर आणि जर्मनीहून येणारी फोक्सवॅगन बीटल यांचा खप वाढत होता. पावतीचा अर्थच उलटला होता. सगळ्यांकडे पंख असताना ज्याला आपली वेगळी अभिरुची दाखवायची होती, त्याला पंख नसलेली गाडी हवी होती. फोर्डने १९६१ मध्ये एलवुड एंगल यांच्या आरेखनाची लिंकन कॉन्टिनेंटल आणून हे ओळखले. आदल्या वर्षीपेक्षा जवळपास सव्वा फुटाने आखूड असलेल्या या गाडीच्या बाजू सपाट आणि स्वच्छ होत्या, वरच्या कडेवर क्रोमची एक बारीक सलग रेषा होती, आणि मागचे दरवाजे उलट्या दिशेने उघडत. महाग गाडीची खूण म्हणून आता संयम विकला जाऊ लागला.

पंख उतरू लागले. क्रायस्लरच्या काही गाड्यांवरचे पंख १९६२ मध्ये इतक्या सरसकट कापले गेले की उरलेल्या आकाराला एक्स्नर यांनीच ‘पिसे उपटलेली कोंबडी’ म्हटल्याचे सांगितले जाते. कॅडिलॅकने मात्र आपली खूण एकदम टाकली नाही. अर्ल १९५८ मध्ये निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या मिचेल यांना धारदार घडीसारखे आकार आवडत. त्यांच्या काळात १९६०पासून कॅडिलॅकचा पंख दरवर्षी थोडा थोडा खाली येत गेला, १९६४ मध्ये तो केवळ मडगार्डची धार उरला आणि १९६५ मध्ये दिसेनासा झाला. मागे राहिला तो उभा टेललाइट, आणि कॅडिलॅकच्या गाड्यांवर तो पुढेही ओळख म्हणून टिकून राहिला.

दरम्यान ही लाट अटलांटिक ओलांडून गेली होती. मर्सिडीजसारख्या संयमी कंपनीनेही १९५९च्या नव्या गाडीला लहान, टोकदार कोपरे दिले. इटलीत फियाटने आपल्या ११०० गाडीच्या मागच्या मडगार्डांना बारीकशी धार आणि उभे दिवे दिले. याच फियाटची गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनू लागली. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची सुरुवात क्रायस्लरशी करार करून झाली होती आणि डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांची वाहने कुर्ल्यात जुळवली जात होती. फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली, पुढे तिचे नाव प्रीमिअर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी. परवाने आणि आयातबंदीच्या काळात नवे साचे आणणे अवघड होते, त्यामुळे तिचा पत्रा जवळजवळ तसाच राहिला.

पद्मिनीच्या डिकीजवळ उभे राहून मडगार्डवरून हात फिरवला की वरची कड किंचित उचललेली लागते आणि टोकाला उभ्या दिव्यावर संपते. इथे उंची बोटभरही नाही, क्रोम नाही, आणि काळ्या रंगात ती बहुतेक वेळा लक्षातही येत नसे. हजारो टॅक्सी ही धार घेऊन दादर, भायखळा, फोर्टमध्ये धावल्या. डेट्रॉइटने आपले पंख उतरवून अडतीस वर्षे झाल्यावर, ऑक्टोबर २००३ मध्ये, ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली, आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.